रस्ता कोणाला माहीत आहे?

जुलैतल्या शनिवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वडगाव सोडलं की बसगाड्यांची रांग लागते. त्यांतल्या बऱ्याच बसच्या काचेवर हिंजवडीतल्या नाहीतर खराडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाचा कागद चिकटवलेला असतो. टीम आउटिंग. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्या, भाजलेलं कणीस, टायगर पॉइंटवर धुक्यात काढलेले फोटो, परतताना चिक्की. मावळातल्या माणसाला या गर्दीचा वैताग येतो आणि तो रास्तच आहे. कंपनीच्या हिशेबात हा खर्च 'टीम बाँडिंग' या गुळमुळीत नावाखाली पडतो. पण त्यातून खरंच काही मिळत असेल तर ते धरणावर मिळत नाही, बसच्या मागच्या सीटवर मिळतं. कामशेत गेलं, मळवली यायचंय, एवढ्या वेळात कोणीतरी सहज सांगून जातं की बिलिंगचा तो जॉब रात्री दोनलाच का चालवतात. आणि शेजारच्याला वर्षभर छळणारा बग तिथल्या तिथे उमगतो. ही माहिती कुठल्याही फाइलमध्ये नव्हती. ती कोणाला विचारावी, हेही कोणाला सुचलं नव्हतं.

पुण्यातल्या बहुतेक कंपन्या आज ज्या पद्धतीने सॉफ्टवेअर बनवतात, निदान बनवतो म्हणून सांगतात, ती ॲजाइल पद्धत गंमत म्हणजे अशाच एका सहलीच्या ठिकाणी जाहीर झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये, ११ ते १३ तारखेला, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरावरच्या हॉटेलात १७ जण जमले. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड अशी या धंद्यातली नावाजलेली मंडळी. स्कीइंग, जेवणं आणि भरपूर वाद यांतून त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, ठरलेल्या प्रक्रियांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा, असा त्याचा रोख. त्यासोबतच्या १२ तत्त्वांत, टीममध्ये माहिती पोचवायची सर्वांत चांगली रीत म्हणजे समोरासमोर बोलणं, असंही एक आहे. आपल्याकडे याचा सोयीस्कर अर्थ निघाला: डॉक्युमेंट लिहायचा कंटाळा आता अधिकृत झाला. जाहीरनाम्यात कागदाला बंदी कुठेच नाही. त्यामागे एक निरीक्षण आहे, सॉफ्टवेअरचं ज्ञान मुख्यतः कागदात नसतं, असं. ते निरीक्षण बरोबर असेल तर मग ते असतं कुठे, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातं कसं?

नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या शेवटच्या आठवड्यांत हा प्रश्न सगळ्यांना अचानक आठवतो. राजीनामा देऊन दोन महिने झालेले असतात, नोटीस पिरियड संपत आलेला असतो, आणि मग कॅलेंडरवर 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, नावाच्या मीटिंगा पडायला लागतात. जाणारा स्क्रीन शेअर करून बोलतो, येणारा 'हो, हो' म्हणतो, रेकॉर्डिंग चालू असतं. पुढे ते रेकॉर्डिंग कोणी उघडत नाही. उघडलंच तर त्यात नेमकी हवी ती गोष्ट सापडत नाही, कारण जाणाऱ्याने ती सांगितलेलीच नसते. लपवायची होती म्हणून नव्हे. आपल्याला ती माहीत आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात याचं कारण फार नेमकेपणाने मांडलं. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रामिंगचं खरं फळ म्हणजे कोड नव्हे. प्रोग्राम लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या प्रश्नाची आणि उत्तराची एक समज उभी राहते. बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट प्रोग्राममध्ये कुठे आली, ती तशीच का केली, उद्या नवी मागणी आली तर ती कुठे बसेल, हे सगळं त्या समजेत असतं. कोड आणि कागद हे तिचे नुसते ठसे. उदाहरण त्यांनी एका कंपायलरचं दिलं आहे. एका गटाने तो बनवला. दुसऱ्या गटाला तो थोडी वेगळी भाषा हाताळण्यासाठी वाढवायचा होता. दुसऱ्या गटाकडे पूर्ण कोड होता, सविस्तर लेखी टिपणं होती, सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचवलेले कित्येक बदल मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी बाजूला ठेवून वरून ठिगळं लावणारे निघाले. पहिल्या गटातल्या लोकांना ते पाहताक्षणी दिसलं आणि त्यांनी साधे उपाय सुचवले. पुढे काही वर्षांनी तोच कंपायलर पहिल्या गटाशी संबंध नसलेल्या लोकांच्या हाती गेला. तेव्हा मूळ रचना ओळखू येत होती, पण वाढत्या ठिगळांखाली तिचा जोर संपला होता.

ही गोष्ट वाचून पुण्यातल्या कुठल्याही मेंटेनन्स प्रोजेक्टवरचा माणूस कसनुसा हसेल.

आता हिंजवडी सोडून घाटात जाऊ. बोरघाटातला रेल्वेमार्ग म्हणजे काम हस्तांतरित होण्याचं एक विलक्षण प्रकरण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गाचं बांधकाम १८५६ मध्ये फॅविएल नावाच्या कंत्राटदाराने सुरू केलं. १८५९ मध्ये मजूर आणि गोरे मुकादम यांच्यातल्या दंग्यानंतर त्याने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजारपणाने वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट न सोडता ॲडमसन आणि क्लाऊझर या दोघांच्या हाती कामाची व्यवस्था सोपवली. बर्कली स्वतः प्रकृती ढासळल्याने इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये गेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा आरंभीच्या या प्रमुखांपैकी कोणीच तिथे नव्हतं. आजच्या भाषेत बोलायचं तर लीड गेला, त्याच्या जागी आलेलाही गेला, आर्किटेक्ट गेला, आणि तरी रिलीज झालं.

कसं झालं? नकाशे आणि मोजमापं होती, हे खरं. पण मला वाटतं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोंगरावरचं काम कोणा एकाच्या डोक्यात नव्हतं. भर हंगामात ४० हजारांवर मजूर या घाटात राबत होते, बोगदे आणि पूल यांवर वेगवेगळे गट एकाच वेळी काम करत होते. कुठला कातळ सुरुंगाला कसा फुटतो, पावसात कुठली बाजू खचते, हे शेकडो लोकांच्या हाताला कळलेलं होतं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत आणि पटकीने त्यांतले किती मेले याची आठवण लोणावळ्याच्या कुठल्या पॉइंटवर नाही, ही वेगळी लाज.

हा मार्ग चालवणं हेही ज्ञानाच्या देवाणघेवाणीचंच काम आहे. ३७ फुटांमागे १ फूट असा इथला तीव्र चढ. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत आणतात. पुढच्या आणि मागच्या इंजिनातल्या चालकांनी एकमेकांना न पाहता एका तालात जोर लावायचा असतो. पूर्वी शिट्ट्यांच्या खुणांनी, आता वॉकीटॉकीवर. उतरताना वेगळीच कसोटी. ठरल्या जागी थांबून गाडी ताब्यात आहे हे दिसल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नाही; ताबा सुटलेल्या गाडीसाठी चढावर जाणारी कॅच सायडिंग ठेवलेली असते. पावसाळ्याआधी हिल गँगचे लोक दोराने कड्यावर उतरून सुटे दगड पाडतात. या सगळ्याची नियमपुस्तकं आहेत, चांगली जाडजूड आहेत.

आणि तरीही पुस्तक पाठ असलेल्या चालकाला रेल्वे एकट्याने घाटात गाडी नेऊ देत नाही. त्याला आधी 'रोड लर्निंग' करावं लागतं. मार्ग माहीत असलेल्या चालकाच्या केबिनमध्ये बसून, दिवसा आणि रात्रीही फेऱ्या मारायच्या, सिग्नल कुठल्या वळणामागून दिसतो, ब्रेक कुठे लावायला घेतला म्हणजे गाडी कुठे उभी राहते, ते अंगात मुरवायचं आणि मग मार्ग समजला म्हणून सही करायची. माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट यापुढची आहे. तोच चालक तीन महिन्यांहून जास्त काळ त्या मार्गावर गेला नाही, तर त्याने पुन्हा शिकाऊ फेरी करायची. म्हणजे माणसाला माहीत असलेलं शिळं होतं, हे रेल्वेने नियमात लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या मॉड्यूलचा आपण अजूनही जाणकार आहोत असं समजणाऱ्या सीनियर मंडळींनी हा नियम जरूर वाचावा. १९२९-३० च्या सुमाराला घाटातली वाफ जाऊन १५०० व्होल्टची डीसी वीज आली, अलीकडच्या काळात २५ हजार व्होल्टची एसी आली. इंजिनं पार बदलली, पण चढ होता तोच राहिला. सॉफ्टवेअरमध्येही भाषा आणि फ्रेमवर्क दर काही वर्षांनी बदलतात. व्याज कसं मोजायचं, परतावा कुठल्या परिस्थितीत अडवायचा, हा चढ तोच राहतो, आणि शिकायला तोच अवघड असतो.

ॲजाइलमध्ये रोड लर्निंगच्या सर्वांत जवळची रीत म्हणजे पेअर प्रोग्रामिंग. दोघांनी एका स्क्रीनसमोर बसायचं. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसरा पाहतो, अडवतो, पुढचा विचार करतो, आणि थोड्या वेळाने अदलाबदल. केंट बेक यांनी १९९६ पासून क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर जी 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' पद्धत घडवली, तिचा हा कणा. मॅनेजरचा पहिला आक्षेप ठरलेला: दोन पगार आणि काम एकाचं? युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी याची मोजदाद केली, तेव्हा जोडीने काम करायला एकूण वेळ सुमारे १५ टक्के जास्त लागला आणि दोषही जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी कमी निघाले. दुप्पट खर्चाची भीती खरी ठरली नाही. मात्र यात न मोजलेली जमेची बाजू मला मोठी वाटते. काम संपतं तेव्हा ते दोघांना माहीत असतं, आणि नोटीस पिरियडमधली ती केविलवाणी केटी आधीच झालेली असते.

शेजारी बसून नेमकं काय मिळतं, हे समजायला पावाचं यंत्र घ्यावं. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८५ साली घरगुती पाव बनवायचं यंत्र तयार होत होतं आणि काही केल्या पीठ नीट मळलं जात नव्हतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या प्रमुख बेकरकडे शिकायला गेल्या. तो पीठ नुसतं ताणत नव्हता, ताणताना पिळतही होता. त्याने हे कधी सांगितलं नसतं, कारण त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. यंत्राला तशी रचना दिली आणि पाव जमला. ही हकिगत जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांच्यामुळे गाजली. याच नोनाकांनी हिरोताका ताकेउची यांच्यासोबत १९८६ साली लिहिलेल्या लेखात, उत्पादन घडवणाऱ्या टीमने रग्बीच्या संघासारखं एकत्र पुढे सरकावं असं मांडलं होतं. ॲजाइलमधल्या 'स्क्रम' या रीतीचं नाव तिथून आलं. पुण्यातल्या किती स्क्रम मास्टरांना आपल्या पदाचं नाव कॉपिअर, मोटारी आणि कॅमेरे बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या निरीक्षणातून आलं हे माहीत असेल, शंका आहे.

स्टँड-अपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १५ मिनिटांची ही रोजची भेट एकमेकांच्या कामाचा अंदाज यावा म्हणून होती. बहुतेक ठिकाणी ती हजेरी झाली आहे: प्रत्येकाने लीडकडे बघून काल काय केलं ते म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपला नंबर येईपर्यंत मेल वाचायच्या. ज्ञानाच्या दृष्टीने तिथे उपयोगाचं वाक्य एकच असतं, 'मी अडकलोय', आणि तेच म्हणायला लोक कचरतात.

का कचरतात? एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधक रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा होती; आकड्यांत त्या जास्त दिसल्या. खोदून पाहिल्यावर कळलं की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की न कळणं ही विद्यार्थ्याची उणीव. सांगलीहून नाहीतर लातूरहून आलेला फ्रेशर टीममध्ये सगळ्यांना नावाने हाक मारायला शिकतो, पण मनात 'सर' चालूच असतं. इंग्रजीत चालणाऱ्या मीटिंगमध्ये 'हे मला समजलं नाही' म्हणणं त्याला दुप्पट जड जातं. तेच वाक्य टपरीवर चहाच्या कपासोबत मराठीत सहज निघतं. म्हणून टपरीवर गेलेला वेळ वाया गेला असं मानणाऱ्या मॅनेजरशी माझं जमत नाही.

यालाही आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसोबत फिरून १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत बिघाड आणि उपाय यांचे तक्ते होते. कारागीर प्रत्यक्षात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींवर चालत. जेवताना, कॉफी पिताना, 'त्या अमुक यंत्राने मला कसं रडवलं' या किश्शांतून. झेरॉक्सने पुढे 'युरेका' नावाची सोय केली, तिच्यात कारागिरांनी आपापल्या युक्त्या नोंदवायच्या. ती चालली, कारण युक्ती आधी सोबतचे कारागीर तपासून घेत आणि तिच्यावर सांगणाऱ्याचं नाव राही. कंपनीच्या विकीवरची ओस पडलेली पानं पाहिली की जाणवतं, तिथे या दोन्ही गोष्टी नसतात. मजकूर कोणी तपासत नाही, लिहिणाऱ्याचं कौतुक कोणी करत नाही, आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो. विकीचा शोध लावणारे वॉर्ड कनिंगहॅम स्नोबर्डच्या १७ जणांत होते, हे इथे सांगायला हवं. कागदाशी त्या लोकांचं वैर नव्हतंच.

लिहायचं तर काय लिहायचं, एवढाच प्रश्न आहे. कोड काय करतो हे कोड वाचून कळतं. तो तसाच का आहे आणि कुठले पर्याय सोडून दिले, हे मात्र कोडमध्ये दिसत नाही. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे: मोठा निर्णय घेतला की एक-दोन पानांची नोंद करायची. परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. नोंद कोडशेजारीच ठेवायची, निर्णय बदलला तर जुनी पुसायची नाही, नवी जोडायची. रात्री दोनच्या त्या जॉबबद्दल अशी पाच ओळींची नोंद असती तर कामशेतपर्यंत जायची गरज नव्हती. पण नोंद सोबतीची जागा घेत नाही, आणि लोणावळ्यातच याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण आहे. समुद्राची झुळूकही न येणाऱ्या डोंगरावर १९४५ पासून 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची संस्था जहाजांच्या यंत्रांचं शिक्षण देते. वर्ग, पुस्तकं, कार्यशाळा, सगळं इथे. पण इंजिनरूममध्ये आपल्या जबाबदारीवर पहारा करायला माणूस तयार होतो तो जहाजावर गेल्यावर, जुन्याजाणत्यांसोबत.

टीम किती मोठी, यावरही बरंच ठरतं. पाच जणांत आपसांतल्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच गणित मांडून सांगितलं होतं की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं टाकली तर तो आणखी रखडतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांनाच हातातलं काम सोडावं लागतं. डेडलाइन जवळ आली की बेंचवरची दहा माणसं पाठवून देण्याची आपल्याकडची चाल त्यानंतरही पन्नास वर्षं टिकून आहे. करोनानंतर निम्मी टीम घरून काम करायला लागल्यावर त्या ४५ जोड्यांपैकी बऱ्याच फक्त कॅलेंडरवर उरल्या. आता त्यात कोड लिहून देणारी एआय साधनं आली आहेत. ती चांगली चालतात, वेळही वाचवतात. नाउर यांची कसोटी मात्र तिथे नव्याने टोचते: लिहिणाऱ्याच्या डोक्यात उभी राहायची ती समज, लिहिणारं यंत्र असेल तर टीममध्ये कोणाच्या डोक्यात उभी राहिली? उत्तर 'रिव्ह्यू करणाऱ्याच्या' असेल, तर त्याने दोन मिनिटांत दिलेला होकार म्हणजे एकही फेरी न मारता केलेली सही ठरते.

ज्ञान मोजता येत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटच्या इतिहासात प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद असते. गेल्या वर्षभरात ज्या फाइलींना एकाच माणसाचा हात लागला, त्यांची यादी पाच-दहा मिनिटांत निघते. ती पुढच्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याच्या, प्लॅनिंगला भिंतीवर लावावी आणि त्यांतलं पहिलं काम त्या जाणकाराला न देता दुसऱ्या कोणाला द्यावं; जाणकाराने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. त्या स्प्रिंटमध्ये स्टोऱ्या कमी होतील आणि उरलेलं काम दाखवणारा बर्नडाउनचा आलेख वाकडा दिसेल. मॅनेजरला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.